‘दोन पाळ्या’ ऐकणारे लोक

३ फेब्रुवारी

झालं एकदाचं. आठही गाण्यांचं मिक्सिंग आज दुपारी संपलं. चौदा महिने लागले. ताई गाते, तिची मुलगी रॅप करते आणि मी, म्हणजे ताईचा धाकटा भाऊ आणि त्या पोरीचा मामा, घरामागच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोघींचे आवाज एकमेकांत बसवतो. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, खिडकी कायमची बंद केली आहे. बायको या खोलीला बीळ म्हणते.

अल्बमचं नाव ‘दोन पाळ्या’. ताई बावीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात रात्रपाळीला होती. पोरगी शहर बस चालवते, दिवसाची पहिली गाडी तिची. कित्येक वर्षं दोघींनी एकच पलंग वापरला, एक उठली की दुसरी आडवी. सगळी गाणी त्यावरच आहेत. लहानपणी शेजाऱ्यांच्या रेकॉर्डवर सोल ऐकून ऐकून ताईचा गळा तसाच वळला, आणि पोरगी पक्की हिप-हॉपवाली. तिला सगळे तोफ म्हणतात, कारण एकदा सुटली की थांबत नाही. शब्द सगळे तिचे.

ताई एकसष्ट वर्षांची आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे उभं राहून कोरस म्हटला, एकाही कव्हरवर नाव आलं नाही. या कव्हरवर पहिलं नाव तिचं आहे. ३१ मार्चला अल्बम बाहेर पडणार. तो नीट झाला नाही तर ताईला दुसरी संधी नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही.

आता ऐकणी. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते मास्तर सांगायचे, गाणं बाहेर सोडण्याआधी बारा अनोळखी कानांवर घालायचं, जिथे लोक खरंच गाणी ऐकतात तिथे जाऊन. ते जे बोलतील ते लिहून घ्यायचं आणि त्यांच्याशी वाद घालायचा नाही. त्यासाठीच ही वही.

एक कटकट आहे. खोलीत कुठली तरी वायर बारीक शिट्टी घालते. उद्या शोधतो.

६ फेब्रुवारी

पहिली ऐकणी न्हाव्याच्या दुकानात. खुर्चीत एक गिऱ्हाईक, बाकावर दोन. न्हाव्याच्या स्पीकरवर ‘उशी अजून गरम’ लावलं. हे गाणं सगळ्या अल्बमचा कणा आहे. ताईचं धृपद असं:

उशी अजून गरम आहे,
श्वास तुझा शिल्लक आहे.
सकाळ झाली, सरक जरा,
शीण माझा शिल्लक आहे.

मग तोफ येते, गाडीच्या वेगाने.

खुर्चीतला माणूस, गालाला फेस: “बाईंचा आवाज मायेचा आहे. पण अधूनमधून दाताखाली खडा आल्यासारखं होतं.” बाकावरचा पहिला: “पोरगी भारी बोलते. आईशी भांडतेय की काय?” दुसरा नुसती मान खाजवत बसला. न्हाव्याने दुसऱ्या कडव्यात आवाज कमी केला. का, असं विचारलं तर म्हणाला, वस्तरा हातात असताना दचकायला होतं.

वाद घातला नाही. मनातल्या मनात घातला. दाताखाली खडा म्हणे. तीस रुपड्यांचा स्पीकर असेल त्याचा.

८ फेब्रुवारी

टॅक्सीवाल्याला ऐकवलं. पहिल्याच धृपदाला त्याने हात पुढे करून ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण शून्यावर आणलं. न विचारता. म्हणाला, “आता बरं वाटतं.” ताईचे सगळे शब्द गोधडीखाली गेले आणि या गृहस्थाला बरं वाटतं. गाढवापुढे वाचली गीता.

घरी नवा मायक्रोवेव्ह आणलाय, तोही मुका. गरम झालं की वाजायला पाहिजे ना? बायको म्हणते वाजतो. मी पुढ्यात उभा होतो. म्हटलं, मग वाजला कधी? ती काहीतरी पुटपुटत आत गेली. हल्ली सगळे पुटपुटतात. कुणाला तोंड उघडून बोलायला नको.

११ फेब्रुवारी

बस डेपोचं कँटीन. तोफ सोबत होती. नऊ ड्रायव्हर, दोन मेकॅनिक, एक तिकीट तपासनीस. मनासारखी ऐकणी, कारण कुणी चहा सोडून उठलं नाही.

म्हातारा मेकॅनिक: “आई गाते तेव्हा पोरगी गप्प असते. घरात तशी गप्प बसली नसेल कधी.” यावर तोफ खाली बघत राहिली. तिला गप्प बघण्याची ही माझी पहिलीच वेळ.

एक ड्रायव्हर गाणं संपल्यावर बाहेर गेला. काच होती म्हणून दिसलं, कुणाला तरी फोन लावत होता. नंतर कळलं, आईला लावला होता. काही काम नव्हतं म्हणे.

तपासनीस बाई: “सगळं छान, फक्त स आणि श सुईसारखे टोचतात.” तिच्या शेजारच्याने मान हलवली. मग त्याच्या शेजारच्यानेही हलवली. मेंढरं. एकाने म्हटलं की सगळे म्हणणार.

बिळात येऊन परत ऐकलं. टोचतात कसले? मला तर ताईचे स आणि श जेमतेम ऐकू येतात. त्यांच्यासाठी ट्रेबल इतका वर नेलाय, तरी ती ‘श्वास’ म्हणते की ‘वा’, पत्ता लागत नाही. आता डोक्यात प्रकाश पडला. मूळ आवाजातच स नाही. जे नाही ते मी ओढून वर आणतोय, त्याची खरखर लोकांना टोचते. चूक माझी नाही, गाण्यातच आहे. बरं झालं सापडलं.

१२ फेब्रुवारी

ताईला बोलावलं. म्हटलं, “तू शब्द खातेस. उशीमधला श कुठाय?”

तिने हेडफोन लावून दोनदा ऐकलं. म्हणाली, “मला तर बरोबर वाटतंय, छोट्या.” (मी छप्पन्न वर्षांचा आहे.) मग हेडफोन काढून म्हणाली, “पण तू म्हणतोस तर असेल.”

आमच्या घरात मीठ बरोबर आहे का हे आईला विचारायचे आणि सूर बरोबर आहे का हे मला. मी सात वर्षांचा असल्यापासून. तेव्हा ताईचा हा मोठेपणा नाही, घरची रीतच आहे.

सहा वेळा गायली. सहाही वेळा तेच.

१५ फेब्रुवारी

एक तरी जाणकार भेटला! गल्लीच्या टोकाला निवृत्त पोस्टमास्तर राहतात, ब्याऐंशी वर्षांचे. त्यांच्या ओसरीवर ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं, मांडीवर ठेका धरला आणि शेवटी म्हणाले, “इतकं स्वच्छ मी दहा वर्षांत ऐकलं नाही. शब्दन् शब्द कळला. हल्लीच्या गाण्यांत काय म्हणतात देव जाणे.” परत लावायला सांगितलं, परत लावलं. त्यांची सून आतून आली आणि कानावर हात ठेवून परत गेली.

निघताना ते टेबलावर काहीतरी शोधत होते. मी विचारलं तर म्हणाले, “कानातलं मशीन. सकाळपासून सापडत नाहीये. पण तुमच्या गाण्याला लागलंच नाही बघा.”

यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कोणतं? मन भरून आलं. ट्रेबल अजून दोन घरं वाढवला.

१९ फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट गेला.

ताई दहाला आली, दीडपर्यंत उभी होती. एकोणीस वेळा ‘उशी’ म्हटलं. पाणी पीत होती, ओठ पुसत होती, मध्येच आरशासमोर जाऊन जीभ कुठे लागते ते बघत होती. अठराव्या वेळी तिने प्रत्येक स असा काही ताणला की तोंड वाकडं दिसायला लागलं. मला तरी ऐकू येईना. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी बोललो. वहीशी खोटं बोलण्यात अर्थ नाही, म्हणून जसं बोललो तसं लिहितो. म्हणालो, “ताई, वय झालं तुझं. जीभ उचलत नाही. कोरसमध्ये दहा जणींत खपून जायचं, इथे खपत नाही.”

तिने हेडफोन काढला. त्याची वायर नीट गुंडाळली, गुंडाळी स्टँडला अडकवली. दमले म्हणाली आणि गेली. दार आपटलं नाही.

खरं सांगायला कुणीतरी लागतंच. मी नाही सांगणार तर कोण सांगणार? पण कोरसचं बोलायला नको होतं.

२० फेब्रुवारी

कोरसचं बोलायला नकोच होतं. फोन केला, उचलला नाही.

२४ फेब्रुवारी

शिंप्याकडे ऐकणी. दुकानात त्याची मुलगी होती, कडेवर बाळ. धृपदाला बाळ रडायचं, तोफेच्या रॅपला गप्प. तीनदा लावलं, तीनदा तेच. शिंपी म्हणाला, बाळाला रॅप आवडतं वाटतं. त्याच्या मशीनखालचं कुत्रं तर पहिल्याच ओळीला उठून रस्त्यापलीकडे जाऊन बसलं. आता कुत्र्याचंही मत लिहून घ्यायचं की काय? घेतलं.

शिंपी स्वतः म्हणाला, “दुसऱ्या कडव्यात बाईंचा आवाज कुठेतरी खाली बसल्यासारखा वाटला. दुःखाने असेल.” ते राहू दे, स चं विचारलं तर त्याला सांगता येईना. सोडून दिलं.

२७ फेब्रुवारी

ताईचा फोन. आवाज अगदी सरळ, हवामान सांगावं तसा. परवा दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. दात, जीभ, टाळू, सगळं ठीक आहे म्हणाला तो. “म्हणजे तू म्हणालास तेच. वयच,” म्हणाली. मग म्हणाली, दुसरी कुणीतरी बघ, माझं नाव काढून टाक, पोरीचं काम माझ्यापायी अडायला नको.

मी म्हटलं, असं काय करतेस. ती म्हणाली, “तू खोटं बोलला असतास तर मला चाललं असतं, छोट्या. पण तू गाण्याबद्दल कधी खोटं बोलत नाहीस.”

फोन ठेवून बिळात परत वायरी उचकत बसलो. ती शिट्टी घालणारी वायर अजून सापडलेली नाही.

२ मार्च

तोफ आली, गणवेशातच. मला वाटलं आता गोळे सुटणार. तर खुर्चीत बसून अगदी हळू बोलली, इतकं की दोनदा परत विचारावं लागलं. आई स्वयंपाकघरात पेपर मोठ्याने वाचते. एकच बातमी दहा-दहा वेळा. मुलगी आली की पेपर घडी करून ठेवते. कामं करताना गुणगुणायची, ते बंद झालंय. “बावीस वर्षं रात्री चादरी-अभ्रे धुऊन आली तरी गुणगुणत यायची, मामा. मी तेवढ्याने उठायचे. घड्याळ लावायची कधी गरज पडली नाही.”

मी म्हटलं, मग काय करू, वाईट गाणं चांगलं आहे म्हणू? ती म्हणाली, “मला ते वाईट वाटत नाही. पण मला तुझ्याएवढं कळत नाही.”

मनात एकदा येऊन गेलं, इतक्या लोकांना ते टोचतं आणि मला एकट्याला ऐकू येत नाही, हे कसं? पण लोक काय, लोकांना हॉर्न आणि गाणं यांतला फरक कळत नाही.

५ मार्च

आज वायरचा सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून कंबर कसली. एकेक यंत्र बंद केलं. पंखा, संगणक, स्पीकर, दिवे. शेवटी घराचा मेन स्विचच बंद केला. बायको आतून ओरडली. सगळं घर थंड, तरी शिट्टी चालूच. म्हणजे शेजाऱ्यांकडून येतेय. शेजाऱ्याला जाऊन सांगितलं. तो आमच्या खोलीत येऊन पाच मिनिटं उभा राहिला, म्हणाला काही येत नाही. याच्या घरून येतेय म्हटल्यावर तो कशाला कबूल करेल?

१० मार्च

जाहिरातींत गाणारी एक मुलगी बोलावली. तेवीस वर्षांची, दात मोत्यासारखे, आवाज घासलेल्या भांड्यासारखा लख्ख. ‘उशी’ गायली. विश्वास बसत नाही, तिलाही स येत नाही! आठ वेळा गाऊन घेतलं. शेवटी म्हणाली, काका, माईक जुना झाला असेल. नाचता येईना अंगण वाकडं. एकसष्टच्या बाईचं समजू शकतो, हिचं काय वय झालं? सगळी पिढीच तोंडातल्या तोंडात बोलते.

नाही, मी तिला घेणार नाही. तिचं ‘सरक जरा’ म्हणजे बसमध्ये शेजाऱ्याला सांगितल्यासारखं. ताई म्हणते तेव्हा पलंग दिसतो. ताईच्याच आवाजातली गाणी शेवटच्या हातासाठी पाठवून दिली. ताईला सांगितलं नाही. नाव कव्हरवर तसंच आहे.

१४ मार्च

गाणी बाहेर जाण्याआधी एक बाई त्यांच्यावर शेवटचा हात फिरवते, सगळ्यांची पातळी सारखी करते. लांब राहते, कधी भेट नाही, वयाने माझ्या निम्मी. आज तिचा निरोप: “काका, फाइल चुकून दुसरी आली का? पाच हजार हर्ट्झच्या वरचे सगळे बारीक आवाज दहा-बारा डेसिबलने वाढलेत. ऐकवत नाही. आवाजाची मूळ फाइल पाठवता का, काही न केलेली?”

कानामागून आली आणि तिखट झाली. अठ्ठावीस वर्षं मैदानांवरच्या कार्यक्रमांत मी थप्पीने स्पीकर रचून त्यांच्या शेजारी उभा राहिलोय, दहा-दहा हजारांच्या गर्दीत गायकाला सूर दिलाय, आणि ही मला विचारते फाइल दुसरी आली का. मूळ फाइल पाठवली. रागाने पाठवली, म्हटलं ऐक, म्हणजे कळेल मी कशाशी झुंजतोय.

तासाभरात उत्तर आलं. “ही तर अप्रतिम आहे. स, श सगळे स्वच्छ आहेत. हिला हातच कशाला लावायचा?”

संगणकावर आवाजाचा आलेख काढला. डावीकडे जड आवाज, उजवीकडे बारीक. माझ्या मिक्सिंगमध्ये उजवीकडे डोंगर उभा आहे. म्हणजे मी ज्या स्पीकरवर काम करतो त्यांचा बारीक आवाजाचा भाग जळालाय. दुसरं काय? बिचाऱ्या ताईला उगीच बोललो, सगळा दोष स्पीकरचा. उद्या तोफेला बोलावून तिच्यासमोर सिद्ध करतो.

१५ मार्च

तोफ तीनला आली. तिला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला सांगितले. म्हटलं, मी एक सूर सोडतो, तो बारीक बारीक होत जाईल. ऐकू येईल तोवर हात वर ठेव. स्पीकर जिथे मेलाय तिथे आपोआप कळेल.

हजार. दोन हजार. तीन हजार. चारला सूर पातळ झाला. पाच हजाराच्या जरा अलीकडे स्पीकर बंद पडला. ठार शांतता, फक्त ती शिट्टी. मी म्हटलं, बघ, इथे मेला, आणि मागे वळलो.

तिचा हात वर होता. चेहरा आंबट खाल्ल्यासारखा. मी सुराचा काटा पुढे नेत गेलो, सहा, सात, आठ. हात वरच. दुसऱ्या हाताने तिने एक कान दाबून धरला होता.

ती ओठ हलवत होती. मी बंद केलं.

“काय म्हणत होतीस?”

“बंद कर म्हणत होते. कान फुटतोय, मामा.” मग तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. नंतर उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या आईसारखा जड हात आहे तिचा.

१८ मार्च

कानाच्या डॉक्टरकडे. बायको बरोबर होती. काचेच्या खोलीत बसवलं, बटण हातात दिलं. कागदावर एक रेघ निघाली, निम्म्या वाटेपर्यंत सपाट आणि मग जिना कोसळल्यासारखी खाली. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आवाजाशेजारी वर्षानुवर्षं काम केलं की होतं, हळूहळू होतं म्हणून कळत नाही. गेलेलं परत येणार नाही. मशीनने थोडं भागेल. शिट्टी वायरची नाही, ती माझ्याच कानातली. तिच्यावर इलाज नाही, सवय होते.

बायकोने येताना सांगितलं, मायक्रोवेव्ह पहिल्या दिवसापासून वाजतोय. दोन वर्षांपूर्वी ती मला कान दाखवा म्हणाली होती. मी तिला म्हणालो होतो, तू आधी नीट बोलायला शीक. मला आठवत नाही. पण मी म्हणालो असेन.

कानांचं दुःख आहेच. रडलोही, लपवत नाही. पण त्यापेक्षा दुसरं सलतंय. माझे कान गेले तर गेले, मी ताईची जीभ का काढून घेतली?

२१ मार्च

तीन दिवस झाले, गेलो नाही. तोफेने आईला काही सांगितलेलं नाही. म्हणाली, “ते तुझं काम आहे.” बरोबर आहे. भ्याडासारखा बिळात बसलोय.

२३ मार्च

गेलो.

ताई चादरी वाळवून आणत होती. मला बघून म्हणाली, आलास तर टोकं धर. धुलाईखान्यात दोघी-दोघी घालायच्या तशी घडी तिला अजून लागते. मी दोन टोकं धरली, तिने दोन. चार चादरी तशाच झाल्या. पाचवीला सांगितलं. डॉक्टरचा कागद, काटा, तोफेचा वर राहिलेला हात, सगळं. जाहिरातवाल्या मुलीचंसुद्धा सांगितलं. चादर मध्ये ताणलेलीच राहिली.

ताईने विचारलं, “म्हणजे माझे स येत होते?”

“पहिल्या दिवसापासून.”

“एकोणीसच्या एकोणीस वेळा?”

“हो.”

ती पलंगावर बसली. चादरीची टोकं तिच्या हातातच होती, म्हणून मलाही पुढे सरकावं लागलं. मी माफी मागितली. कशी मागितली ते लिहीत नाही, धड जमली नाही. ती ऐकत होती की नाही, कळलं नाही. मग माझ्याकडे सरळ बघत, प्रत्येक शब्द सुटा करून बोलली.

“तुझे कान गेले हे ऐकून मला हायसं वाटलं, छोट्या. वाईट वाटायला हवं होतं. ते वाटेल उद्या-परवा. आज नाही वाटत.”

मी बरं म्हणालो. मलाही तिच्या जागी तेच वाटलं असतं.

मग म्हणाली, ती पहिली फाइल लाव, हात न लावलेली. तोफेचा छोटा स्पीकर फळीवर होता, त्यावर लावली. ताई उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली, पाठ माझ्याकडे. गाणं सुरू झालं. मला ते आजही तसंच ऐकू आलं, तोंडात घास असल्यासारखं, उशीमधल्या श च्या जागी भोक. मी ते भोक ऐकत होतो आणि तिच्या पाठीकडे बघून तिथे श आहे असं समजून घेत होतो. पाठ जरा हलायची. तिच्या खांद्यांवरून मला काही कळत नव्हतं.

गाणं संपल्यावर ती खिडकीकडे तोंड करूनच काहीतरी बोलली. नुसती गुणगुण आली माझ्यापर्यंत. मी म्हटलं, “ताई, मला ऐकू आलं नाही.” छप्पन्न वर्षांत हे वाक्य मी कुणाला म्हटल्याचं आठवत नाही. ती वळली, जवळ आली आणि सावकाश परत म्हणाली:

“म्हटलं, दुसऱ्या कडव्यात मी सुरात नाहीये. खाली उतरलेय. ते परत गावं लागेल. उद्या पोरगी कामावरून सुटली की चारला आम्ही दोघी येतो. बटणांवर ती बसेल, तू फक्त सूर बघ.”

खरं होतं ते. दुसऱ्या कडव्यात ती पाव सूर उतरली आहे. हे मला पहिल्या दिवसापासून स्वच्छ ऐकू येत होतं. स च्या मागे लागलो आणि सांगायचंच राहून गेलं.